दुधाच्या दातांची उपेक्षा नको



‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच, त्यांची एवढी काळजी कशाला?’ हे वाक्य सुशिक्षित घरांतूनही सर्रास ऐकू येते. बालकांच्या दंतरोगाचे मूळ पुष्कळदा याच समजुतीत असते.

दुधाचे दात 20. पहिला साधारणतः सहाव्या महिन्यात उगवतो आणि शेवटची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुखात असते. शरीराची उभारणी आणि वाणीची जडणघडण होण्याच्या काळात मुलाची सारी भिस्त याच दातांवर असते. शिवाय प्रत्येक दुधाचा दात आपल्या वारसासाठी जबड्यात जागा राखून ठेवतो. किडलेली दाढ अकाली काढावी लागली, की शेजारची दाढ तिच्या जागी सरकते आणि मागाहून येणारा दात वाकडा उगवतो.

मुखातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दातांच्या कवचातील खनिजे विरघळवते. लाळ ही झीज भरून काढते. मात्र तिला उसंत मिळावी लागते. म्हणूनच सणाच्या पंगतीतील पुरणपोळीपेक्षा दिवसभर अधूनमधून तोंडात जाणारी चॉकलेटे-बिस्किटे अधिक घातक. झोपेत लाळ अत्यल्प स्रवते. त्यामुळे दुधाची बाटली तोंडात ठेवून निजणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सर्वप्रथम किडतात.

उपाय साधे आहेत. पहिला दात दिसताच दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासावेत. फ्लोराइडयुक्त पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढीच असावी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर पालकांचा हात हवा. पहिल्या वाढदिवसापूर्वी दंतवैद्यांची एक भेट व्हावी.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. तिला दुधाची समजून अनेक पालक फसतात. तिच्या खोल खाचा दंतवैद्यांकडून वेळीच बुजवून घेतल्यास कीड टळते. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेलाही हाच न्याय.

पौगंडावस्थेत शीतपेयांच्या जोडीला गुटख्याचा मोह येतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली. परंतु घरातील वडीलधारे मिश्री लावत किंवा तंबाखू मळत असतील, तर केवळ कायद्याने मुले वाचणार नाहीत. जेवणानंतर चूळ भरण्याचा आपल्या घरांतील संस्कारही मुले मोठ्यांकडे पाहूनच उचलतात.

आज घरी परतल्यावर प्रत्येक माता-पित्याने मुलाचा वरचा ओठ अलगद उचलून पाहावा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरट रेघ दिसल्यास ती किडीची पहिली खूण असू शकते. या टप्प्यावर झीज थांबवता येते, भरूनही काढता येते. तीच रेघ तपकिरी खड्डा होईपर्यंत वाट पाहिली, तर सोसावे लागते ते मुलाला.