गाळ गेला कुठं?



आयोजकांनी मला ‘संक्रमण मूलद्रव्ये आणि त्यांची जटिल संयुगे’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यातल्या ‘जटिल’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. तो फळ्यावर लिहिला की निम्मी पोरं तिथंच बिचकतात. मधोमध एक धातू आणि त्याला धरून बसलेले चार-सहा शेजारी, यात जटिल ते काय?

आधी माझी एक चूक सांगतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला मोरचुदाच्या द्रावणात मी थेंबथेंब अमोनिया सोडत होतो. फिकट निळा साका आला. मागून एक मुलगा म्हणाला, “सर, हे तर आमच्या बागेतलं बोर्डो!” द्राक्षबागायतदाराचा मुलगा तो. मोरचूद, चुना आणि पाणी कालवून त्यानं कितीदा पंप भरला असेल. मी अमोनिया वाढवला, तसा साका दिसेनासा झाला आणि नळीत दौतीतल्या शाईसारखा गर्द निळा रंग उतरला. “सर, गाळ गेला कुठं?”

मी म्हणालो, “टेट्राअमाइन कॉपर. लिहून घे.” त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. नाव बरोबर होतं, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

नेमका हाच प्रश्न १९व्या शतकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये सोफुस योर्गेन्सन यांना छळत होता, फक्त त्यांच्याकडे गाळाऐवजी क्लोरीन हरवत होता. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची त्यांची संयुगं बघा. सहा अमोनियांचं पिवळं, पाच अमोनियांचं जांभळट तांबडं, चार अमोनियांचं हिरवं. तिन्हींत क्लोरीनचे अणू तीनच. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पिवळ्यातले तिन्ही पांढऱ्या साक्यात उतरतात, तांबड्यातले दोन, हिरव्यातला फक्त एक. उरलेले गेले कुठं?

योर्गेन्सन यांनी साखळीची कल्पना उचलून धरली: धातूला अमोनिया, अमोनियाला अमोनिया, असे डबे जोडलेले आणि टोकाला क्लोरीन. थेट धातूला चिकटलेला क्लोरीन सुटत नाही, टोकाचा सुटतो. हिशेब छान जुळत होता. १८९३ साली झुरिकमधल्या आल्फ्रेड वेर्नर नावाच्या २६ वर्षांच्या तरुणानं ही साखळीच नाकारली. पहाटे दोनला जागा होऊन तो लिहायला बसला आणि संध्याकाळी पाचला उठला, असं सांगतात. त्याचं म्हणणं असं, की कोबाल्टभोवती सहा जागा आहेत, अष्टफलकाच्या सहा टोकांवर. तिथं अमोनिया बसेल किंवा क्लोरीन. आतला क्लोरीन घरचा झाला, तो चांदीच्या हाकेला ओ देत नाही. बाहेरचा देतो.

मग तीनच अमोनिया असतील तर? साखळीप्रमाणे एक क्लोरीन तरी सुटायला हवा, वेर्नरप्रमाणे एकही नाही. कोबाल्टचं ते संयुग साधेना, म्हणून योर्गेन्सन यांनी इरिडियमचं बनवलं. चांदी टाकली, साका नाही! स्वतःच्या मताच्या मुळावर येणारा पुरावा या माणसानं स्वतःच्या हातानं तयार केला. आपल्या पुस्तकांत ते ‘चुकीच्या सिद्धांताचे कर्ते’ म्हणून एका ओळीत येतात आणि जातात. मला तो सरळ अन्याय वाटतो. वेर्नरचा बराचसा दारूगोळा योर्गेन्सन यांच्याच बाटल्यांतला होता.

अष्टफलक खरा असेल तर चार अमोनियांच्या संयुगाची दोन रूपं निघायला हवीत, क्लोरीन समोरासमोर असलेलं आणि शेजारीशेजारी असलेलं. हिरवं हाती होतं, पण त्याचा जांभळा जोडीदार मिळत नव्हता. तो वेर्नरला १९०७ साली मिळाला, म्हणजे १४ वर्षांनी. योर्गेन्सन यांनी हार मान्य केली. पुढे १९१३चं नोबेल वगैरे तुम्हाला पाठ आहे.

समोरासमोर की शेजारीशेजारी, हा नुसता परीक्षेतल्या दोन गुणांचा प्रश्न नाही. दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन असलेलं प्लॅटिनमचं एक संयुग पेरोने यांनी १८४५च्या सुमारास बनवलं आणि ते शंभरावर वर्षं नुसतं पडून होतं. १९६५ साली अमेरिकेत रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम बघत होते. जिवाणू लांबत चालले, पण विभागेनात. करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगांची होती. त्या धाग्यावरून कर्करोगावरचं सिसप्लॅटिन आलं. त्यात क्लोरीन शेजारीशेजारी असतात. समोरासमोर ठेवले की औषध म्हणून ते निकामी.

आणि आपण रसायनशास्त्राचे शिक्षक वर्गात काय करतो? पहिल्याच तासाला डी-कक्षकांची दोन गटांत फाळणी करून टाकतो. ती हवीच, रंग कुठून येतो हे तिच्याशिवाय कळत नाही. पण मोरचूद तापवून पांढरं पडताना आणि पाण्याच्या थेंबानं पुन्हा निळं होताना ज्यानं पाहिलं नाही, त्याला फाळणी कशाची चालली आहे तेच उमगत नाही. निळेपण एकट्या तांब्याचं नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर ते ठरतं. त्या मुलाचा गाळही असाच गेला: अमोनियानं तांब्याला घेरलं आणि तांबं पुन्हा पाण्यात उतरलं. एवढं एक वाक्य त्या दिवशी मला सुचलं नाही.

तर मी आज तीन बाटल्या आणल्या आहेत. पिवळी, तांबडी, हिरवी. लेबलं मुद्दाम काढली आहेत. चहानंतर शेजारच्या प्रयोगशाळेत या, वजन करा, चांदी टाका, साका गाळा, वाळवा, मोजा. हिरवी मात्र आयत्या वेळी गार पाण्यात विरघळवा. ती उभी राहिली तर पाणी आत शिरतं, रंग पालटतो आणि मोजणी फसते. साका उन्हात ठेवू नका, काळवंडेल. आणि हातमोजे घाला. सिल्व्हर नायट्रेटचे डाग आठवडाभर जात नाहीत, ही माझी बोटं बघा.