साडेतीन स्टारचं इटालियन

कुणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कुणी रात्री भांडी घासता घासता. आजचा विषय खाण्याचा आहे, तेव्हा उपाशीपोटी ऐकत असाल तर जबाबदारी तुमची.

मी राहते न्यू जर्सीच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात. घरापासून चालत सात मिनिटांवर एक इटालियन रेस्टॉरंट आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण आज मी त्याच्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही बोलणार आहे, आणि मला तिथे पुन्हा जेवायला जायचंय. गूगल मॅप्सवर त्याला साडेतीन स्टार आहेत. साडेतीन म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. आपण चारच्या खालचं काही उघडूनसुद्धा बघत नाही.

आधी जागा कशी आहे ते सांगते. छताला चौकोनी टाइल्स आहेत, त्यातल्या तिघींवर पाणी झिरपून तपकिरी डाग पडलेत. टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं प्लास्टिक. आमच्या नेहमीच्या टेबलावरच्या प्लास्टिकला सिगारेटने पडलेलं एक भोक आहे. न्यू जर्सीत रेस्टॉरंटमध्ये सिगारेट ओढायला २००६ पासून बंदी आहे, तेव्हा ते प्लास्टिक किती जुनं असेल याचा हिशोब तुम्हीच करा. खिडकीत गवताच्या विणीत बसवलेल्या किआन्ती वाइनच्या रिकाम्या बाटल्या, त्यांच्या तोंडाशी वितळलेलं मेण. भिंतीवर फ्रँक सिनात्रा. तो १९१५ साली इथल्याच होबोकनमध्ये जन्मला, त्यामुळे न्यू जर्सीतल्या अशा जागांमध्ये त्याचा फोटो म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलात गल्ल्यामागे टांगलेल्या फोटोसारखा, असायचाच. बाथरूमच्या दाराची कडी नीट लागत नाही. गाणं म्हणत बसावं लागतं.

माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राला मी तिथे घेऊन गेले होते. पुण्याचा आहे, खाण्यातलं कळतं त्याला, निदान तसं त्याचं म्हणणं आहे. त्याने लिंग्विनी मागवली, शिंपल्यांची. पंचवीस मिनिटांनी आली, ती गिळगिळीत. त्याने तिथेच फोन काढला आणि म्हणाला, "दोन स्टार. एक तुझ्यासाठी."

आता त्याचं काही चुकलं का? नाही. लिंग्विनी वाईटच होती. पण तिथे लिंग्विनी मागवायचीच नसते, आणि हे कुठल्याही रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं. अशा छोट्या किचनमध्ये पास्ता आधी अर्धवट उकडून ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम पाण्यात पुन्हा बुडवून काढतात. जाडसर पास्ता हे सहन करतो. लांब आणि नाजूक असेल तर लगदा होतो. शिंपल्यांचं तर विचारूच नका. जिथे दिवसाला चार लोक शिंपले खातात, तिथे पाचवं आपण व्हायचं नाही. मागवायचं ते भट्टीतलं. बेक्ड झिटी, वांग्याचं पार्मिजाना, लझान्या. हे सगळं सकाळी रचून ठेवलेलं असतं, पिझ्झाच्या भट्टीत जातं आणि कडेने करपून, मधून बुडबुडत येतं. दुसऱ्या दिवशीची आमटी कशी जास्त मुरलेली लागते? तोच प्रकार.

मग प्रश्न येतो, की बाबा, जेवण चांगलं करता येतं तर जागा अशी का ठेवलीय? मलाही वाटायचं आळस असेल. पण यामागे एक कायदा आहे. न्यू जर्सीत दारू सर्व्ह करायचं लायसन्स गावाच्या लोकसंख्येवर मिळतं, तीन हजार माणसांमागे एक. त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहे ते लाखो डॉलर्सना विकतात. रेस्टॉरंटच्या धंद्यात खरा नफा दारूत असतो, हे आपल्याकडच्या परमिट रूमवाल्याला विचारा. ज्याच्याकडे लायसन्स नाही, त्याने वीस डॉलरच्या पास्त्यातून भाडं, पगार, गॅस आणि छताच्या टाइल्स कशा काढायच्या? म्हणून या राज्यात गावोगावी अशी रेस्टॉरंट्स आहेत जिथे वाइन तुम्ही घरून घेऊन जायची. ते ग्लास आणि बूच काढायचा स्क्रू देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, तसा कायदाच आहे. गिऱ्हाइकाची मजा. मालकाची नाही.

आता जरा मागे जाऊ. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. बहुतेक सगळी दक्षिणेकडची, नेपल्सच्या आजूबाजूची, कलाब्रियातली, सिसिलीतली. गरीब शेतकरी, मजूर. गावाकडे मटण सणासुदीला. इथे आल्यावर पाहिलं तर मांस स्वस्त! मग मांसाचे गोळे मोठे झाले आणि थेट स्पॅगेटीवर येऊन बसले. इटलीत ते गोळे, पोल्पेत्ते, बहुतेक ठिकाणी वेगळे खातात, पास्त्यावर टाकत नाहीत. वांग्याच्या पार्मिजानात वांग्याच्या जागी कोंबडी आली आणि त्याचं चिकन पार्म झालं. रोमहून आलेल्या माणसाला हा मेन्यू दाखवला तर तो म्हणेल, हे आमचं नव्हेच. बरोबर आहे त्याचं. हे त्याचं नव्हतंच कधी. हे बोटीतून उतरलेल्या लोकांचं आहे.

आणि भाषा! आमच्या रेस्टॉरंटमधली वेट्रेस सत्तरीची आहे, मी मनातल्या मनात तिला आजीच म्हणते. ती मोझरेलाला 'मुत्झारेल' म्हणते आणि रिकोटाला 'रिगॉट'. शब्दाचा शेवटचा स्वर गायब. मला वाटलं तिचा उच्चार बिघडलाय. तर तसं नाही. दक्षिण इटलीतल्या बोलींमध्ये शेवटचा स्वर असाच गिळतात आणि शंभर वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी ते शब्द जसेच्या तसे धरून ठेवले. तिकडे इटलीत मात्र शाळेतून आणि टीव्हीवरून प्रमाण इटालियन घरोघर पोचली. आपल्याकडे तंजावरच्या मराठीचं असंच आहे ना? आपण ऐकून हसतो, आणि त्यांच्या बोलण्यात आपल्याकडून कधीच गेलेली रूपं असतात.

टोमॅटोच्या सॉसला ही मंडळी काय म्हणतात माहितीये? ग्रेव्ही. निदान इथली बरीच इटालियन घरं. रविवारी सकाळी मोठं पातेलं चढवायचं आणि दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एकदम सांगलीला आल्यासारखं वाटलं.

शाकाहारी श्रोत्यांसाठी दोन सूचना. पास्ता आणि घेवड्याच्या दाण्यांचं एक सूप असतं, त्याला ही लोकं 'पास्ता फझूल' म्हणतात. हो, फझूल! पण अजिबात फजूल नाही, पोटभरीचं आहे. फक्त आधी विचारा, कारण पुष्कळदा त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे परतून घातलेले असतात. आणि कडक शाकाहारी असाल तर खरं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, तसा त्यांचा नियमच आहे. मी हे सांगितलं म्हणून मला शिव्या घालू नका.

या फझूलवर मी एक अख्खा हिवाळा काढलाय. माझी नोकरी गेली होती. कंपनीचं नाव नको. एका सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल करायचा, किंवा दुसरी काही सोय करायची, नाहीतर देश सोडायचा. घरात बसलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. रूममेट घरूनच काम करायची, तिच्या मीटिंगांचे आवाज. म्हणून मी दुपारी दोनला या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसायचे. दोन ते पाच तिथे चिटपाखरू नसतं. सात डॉलरला सूप, सोबत ब्रेडची टोपली, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं बटर. टोपली संपली की आजी विचारल्याशिवाय दुसरी आणून ठेवायची. तिने तिसऱ्या दिवशी मला किचनच्या दारालगतचं टेबल दिलं. का, तर तिथे प्लग होता. बाकी एक शब्द विचारला नाही.

एका इंटरव्ह्यूच्या मधोमध आत मिक्सरचा घर्र आवाज सुरू झाला. मी दाराकडे नुसतं बघितलं. आतल्या कुकने माझ्या कानातल्या हेडफोनकडे पाहिलं आणि मिक्सर बंद केला. मग रेडिओही. पुढची चाळीस मिनिटं तो माणूस हाताने लसूण चिरत होता.

३८व्या दिवशी एका कंपनीने हो म्हटलं, ५३व्या दिवशी त्यांचा अर्ज दाखल झाला. मी सूपवर दोन डॉलर टीप ठेवायचे, त्या दिवशी वीस ठेवले. (टीपवर कुरकुर करणाऱ्यांना सांगते, टीप मिळणाऱ्या कामगाराचा किमान पगार अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून तेवढाच आहे. न्यू जर्सीत थोडा बरा आहे, पण घर टीपवरच चालतं.) आजीने अठरा परत केले. म्हणाली, "पहिला पगार झाला की दे, हन." इथे 'हनी'चं 'हन' होतं. तिथेही शेवटचा स्वर गेलाच!

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. तिला मी वांग्याचं पार्मिजाना खाऊ घातलं. अंड्यात बुडवतात ते तिला आधीच सांगितलं होतं, तिला अंडं चालतं. तिने एक घास खाल्ला, काट्याने थर उचकटून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे आपले वांग्याचे कापच की! वरून चीज घालून बिघडवलेत." दुसरा घास. "वांगी मात्र कृष्णाकाठची नव्हेत." तिसरा घास. मग बोलणं बंद. ताट रिकामं झाल्यावर तिने सॉस कुणी केला ते विचारलं. मी म्हटलं, "आई, तू बस, मी विचारते." पण ती उठून सरळ किचनच्या दारात गेली.

तिथे तोच कुक होता, लसूणवाला. इटालियन नाही. मेक्सिकोतल्या पुएब्लाचा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किचनमध्ये पुएब्लाची माणसं भरपूर आहेत. मालकाच्या आईने त्याला ग्रेव्ही शिकवली, ती गेली, आणि आता अठरा वर्षं ती ग्रेव्ही तोच करतोय. आईने मराठीत विचारलं, त्याने स्पॅनिशमध्ये सांगितलं, मी मध्ये इंग्रजी घुसडायचा प्रयत्न केला तर दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्याने पातेल्याचं झाकण उचलून दाखवलं. आई वास घेऊन म्हणाली, "साखर नाही घातलेली. कांदा शिजवून गोडी आणलीय." मी त्याला विचारलं, तर अगदी बरोबर.

मध्यंतरी रेस्टॉरंटचे दिवस आठवड्याला सहावरून चारवर आले. मालक पंच्याहत्तरीचा, त्याची मुलगी डेंटिस्ट, मुलगा दुसऱ्या राज्यात. इमारत त्याच्या मालकीची आहे, भाडं नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता बिल्डर फोन करतात. आपल्याकडच्या इराण्यांचं जे झालं तेच, पुढची पिढी गल्ल्यावर बसत नाही आणि जागेला सोन्याचा भाव येतो.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर मालक आणि कुक कागद पसरून बसले होते. आजीने सांगितलं, दोघांचं बोलणं चाललंय. तळमजला भाड्याने कुकला द्यायचा, पाच वर्षांसाठी. मालकाला नाव तेच हवंय. कुकला मंगळवारी टाको करायचेत. भाड्याच्या आकड्यावर अडलंय. आजीला विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, जो कोणी घेईल त्याने आधी बाथरूमची कडी बदलावी, मग मी ठरवते.

ठरलं की सांगेनच. तुमच्या गल्लीत असं एखादं साडेतीन स्टारवालं असेल, कुठल्याही गावात, कुठल्याही जेवणाचं, तर तिथे काय मागवायचं आणि काय नाही ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. नुसते स्टार पाठवू नका. भेटू पुढच्या भागात. बाय!