जुन्या सामानाची नवी केबिन
(रजत महोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



गेटवरची वॉचमनची नवी केबिन तुम्ही रोज पाहता. ते काम कमिटीने माझ्याकडे दिलं होतं, म्हणून दोन शब्द. पंचवीस वर्षं आपले वॉचमन पत्र्याच्या खोपटात बसले. मे महिन्यात आत बसवत नसे, जुलैत बाहेर. रजत महोत्सवाची कमान मोठी करायची की केबिन बांधायची, असा प्रश्न निघाला तेव्हा तुम्ही केबिनसाठी हात वर केलेत. पैसे मात्र बेताचेच होते.

कमी पैशात बांधायचं तर जुनं सामान आलंच. अमेरिकेत थोरो नावाच्या लेखकाने १८४५ साली १० बाय १५ फुटांची झोपडी बांधली. एका रेल्वे मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला घेऊन त्याच्या फळ्या वापरल्या. हजार जुन्या विटा, दोन जुन्या खिडक्या. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. खडूचा एक सेंटही हिशेबात लिहिलाय! आपल्या ऑडिटरना आवडला असता.

'गेटवर भंगार दिसेल' असं काहीजण म्हणाले. पण जुनं म्हणजे भंगार नव्हे, पारखून घ्यावं लागतं. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर घ्यायची. चुन्यातली वीट सहज साफ होते, सिमेंटमधली तुटते. लाकूड ठोकून पाहायचं. पोकळ वाजलं तर वाळवी. रंधा मारण्याआधी सगळे खिळे काढायचे. आपलं सागवानी दार, खिडक्या आणि फरशीचे तुकडे सभासदांच्याच घरांच्या रिनोव्हेशनमधून आले. छताचे पत्रे आणि वायरिंग मात्र नवं घेतलं. जुन्या पत्र्याची भोकं गळतात, आणि विजेशी खेळ नको.

नकाशा काढण्याआधी वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, बसल्या जागेवरून गेट दिसू द्या, आणि रात्री थोडा वारा येऊ द्या." म्हणून खिडक्या समोरासमोर आहेत आणि गेटकडची खाली घेतली आहे. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाने एवढंच मागितलं.

शेवटी एक विनंती. ही केबिन त्यांच्यासाठी आहे. तिथे कुरिअरची पार्सलं आणि मुलांच्या सायकली ठेवून त्यांनाच बाहेर बसवू नका.