जात्याचा खुंटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयाची सवय नाही. भजनात टाळ धरणे निराळे आणि चारचौघींसमोर उभे राहणे निराळे. मंडळाने विषय दिला तो 'जुने आणि नवे'. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. म्हणून मी आमच्या घरच्या जात्यापुरतेच बोलणार आहे.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. पंचविशीच्या आत त्यांचे कपाळ पांढरे झाले, पदरी दोन लेकरे. आपल्या कुणबाऊ घरांत केशवपन नव्हते, कित्येक घरी पाटही लागत असे. परंतु 'आपल्या कुळात तसे नाही' असे वडीलधारे म्हणाले आणि विषय तेथेच मिटला. आत्याबाईंनी शेत केले, गुरे राखली, आणि पहाटे जात्यावर बसून मनातले सारे ओवीत घातले. माहेराच्या, भावाच्या, विठोबाच्या, सीतेच्या वनवासाच्या. किती येत असत, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

अशी मोजदाद दुसऱ्या कोणी केली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इकडचेच होऊन गेलेले गी पॉइटवाँ, या दोघांनी व त्यांच्या सोबतच्या खेड्यांतील बायकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येत आहेत. माझ्या नातीने मोबाईलवर लावून दाखविल्या तेव्हा मला वाटले, आत्याबाईच चुलीमागे बसून गात आहेत. विजेची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, याचे मला दुःख नाही. पहाटे तीनला उठून पायली पायली दळण ज्यांनी दळले, त्यांना जात्याचे गोडवे कोणी सांगू नयेत! हात सुटला ते बरेच झाले. गाणे सुटले, ते मात्र उगाच सुटले.

जाते आता बाहेर निघते ते लग्नाला. घाणा भरावयाचा, जात्याला हळकुंड-सुपारी बांधावयाची, आणि पाच सवाष्णींनी खुंटा धरून हळद दळावयाची. माझ्या थोरलीच्या लग्नात घाणा भरला, त्या दिवशीची गोष्ट. पाचजणी जात्याभोवती बसल्या. एक कडवे झाले, दुसरे झाले, आणि पुढचे कोणालाच आठवेना. तेव्हा माझी चुलत जाऊ दाराकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, पुढं काय वो?" आत्याबाई उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी बाहेरूनच पुढचे कडवे सांगितले. मग त्याच्या पुढचे. साऱ्या घाण्याची गाणी त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून पुरविली. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढविले, तिच्या हळदीला त्यांचा हात लागला नाही.

मी नवरीची आई. "आत्याबाई, आत या" असे मी म्हणावयास हवे होते. कोणी मला अडविले नसते असे नाही, पण मी म्हटलेच नाही. मला भीती वाटली, की उद्या पोरीच्या संसारात काही उणे झाले तर बोट माझ्याकडे दाखवितील. आत्याबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढे माझे मालक गेले आणि उंबऱ्याबाहेर मी आले. पहिल्या संक्रांतीला शेजारची सून हळदीकुंकवाचे बोलावणे करीत आळीने आली. आमच्या दारात ती क्षणभर थांबली, मजकडे पाहिले, आणि माझ्या सुनेला म्हणाली, "वहिनी, तुम्ही या." पोर वाईट नाही. तिला तसेच शिकविलेले आहे, आणि शिकविणाऱ्यांत मीही होते.

पुण्यास असणारी माझी धाकटी म्हणते, "आई, हे हळदीकुंकू बंदच करून टाका." मला ते पटत नाही. सुना सकाळी शिरवळच्या कारखान्यांत जातात, अंधार पडता पडता परततात. आम्ही म्हाताऱ्या रानात. एकीची एकीला गाठ पडावयाची ती संक्रांतीला नाहीतर चैत्रात. ते बंद केले तर बायकांनी एकमेकींच्या घरी जावयाचे निमित्त कोणते? (वाणाच्या प्लास्टिकच्या वाट्या मात्र खुशाल बंद करा, माझ्या मांडणीवर त्यांची उतरंड झाली आहे.)

आणि निमित्त कसे वापरावे, हे दाखविणारी बाई आपल्या शेजारचीच आहे. नीरा ओलांडून शिरवळवरून गेले की नायगाव. तेथे १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. १८५२ च्या संक्रांतीस त्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगूळ समारंभ केला. कलेक्टरच्या मडमबाई अध्यक्ष, सावित्रीबाई चिटणीस. आमंत्रणातच लिहिले होते, की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी एकाच जाजमावर बसविले जाईल आणि हळदीकुंकू भेद न ठेवता दिले जाईल. त्यांनी सण मोडला नाही, जाजम तेवढे बदलले. त्या काळात हे किती कठीण गेले असेल, याची कल्पना आपण आपल्या आळीवरून करावी.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. करोनाने कित्येक तरण्या मुली विधवा झाल्या होत्या, त्यातून हा विचार पुढे आला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव चांगला आहे. परंतु ठरावाने हात हलत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. गेल्या संक्रांतीस मंडळाच्या चिटणीसबाई स्वतः मला न्यावयास आल्या. मी गेले. तबक पुढे आले तेव्हा माझीच मान मागे गेली. इतक्या वर्षांची सवय मानेत बसलेली असते. चिटणीसबाईंनी जबरदस्ती केली नाही. तिळगूळ दिला, शेजारी बसवून घेतले, आणि तबक घेऊन पुढे गेल्या. मला ते फार बरे वाटले. कोणी लावून घेईल, कोणी नुसती हळद घेईल, कोणी गजरा. पण बोलावणे प्रत्येकीला जावे, आणि उंबऱ्यावर थांबून कोणी कपाळ वाचू नये.

कपाळाच्या जोडीने सातबाराही पाहावा, एवढे जाता जाता सांगते. मालक गेल्यावर वारसनोंदीत आपले नाव चढले की नाही, हे कोणी आपण होऊन सांगत नाही. तलाठ्याकडे स्वतः जाऊन उतारा काढावा. १९५६ च्या कायद्याने विधवेला मालकीचा हक्क दिला, २००५ च्या दुरुस्तीने लेकींना वडिलोपार्जित जमिनीत लेकांच्या बरोबरीने बसविले. वाचल्याखेरीज हक्कसोडपत्रावर अंगठा उठवू नये, सहीसुद्धा करू नये. राग आला भावांना तर चार दिवस येऊ द्यावा.

आता पुष्कळ झाले. आज मी आत्याबाईंचे जाते टेम्पोत घालून येथे आणले आहे. खुंटा कुजला होता, सुताराकडून बाभळीचा नवा बसवून घेतला. मंडळातील एका मुलीची हळद पुढच्या आठवड्यात आहे. तिची आई म्हणते, दळण आजच येथे, साऱ्याजणींसमोर करावयाचे. खुंट्याला चार-पाच हात सहज बसतात. मला गाणी येतात, पण माझा आवाज आता चढत नाही. तेव्हा वरचा सूर कोणीतरी धरा. पहिला घास तिच्या आजीने घालावयाचा आहे. आजी, तिकडे मागे दाराशी का बसलात? या ना अशा पुढं.