उलीची धावपट्टी

१९६७ साली नायजेरियापासून विलग झालेल्या बियाफ्रा प्रांताची सर्व बाजूंनी नाकेबंदी होऊन प्रथिनांच्या अभावी तेथील बालकांची शरीरे सुजू लागली, तेव्हा लागोस येथील नायजेरियन सरकारच्या परवान्याची वाट न पाहता कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट धर्मसंस्थांनी, शतकांचा दुरावा बाजूस सारून, पोर्तुगीज अमलाखालील साओ टोमे बेटावरून विमानांनी अन्न धाडण्याचा जो उपक्रम आरंभिला, तो ख्रिस्ती सेवाकार्यातील अत्यंत धाडसी अध्याय होय, असे मला वाटते.

ही विमाने बियाफ्रातील उली येथे उतरत; तेथील धावपट्टी म्हणजे रुंद केलेला हमरस्ता. हल्ल्याच्या भयामुळे विमाने काळोखातच येत. दिवे उतरण्यापुरतेच लागत आणि तत्काळ मालवले जात. नॉर्वेचा सुकविलेला मासा, दूधभुकटी, मीठ, औषधे उतरवून वैमानिक परतत, आणि पुष्कळदा त्याच रात्री दुसरी खेप करीत. जानेवारी १९७० पर्यंत अशा ५,००० हून अधिक खेपा झाल्या; कित्येक वैमानिक प्राणास मुकले. या मदतीने युद्ध लांबले, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु राजकीय निवाडा होईतो उपाशी बालकाने थांबावे, हे मला मान्य होत नाही. परतीच्या विमानांतून आजारी मुले साओ टोमे व गॅबन येथे नेली जात. युद्धसमाप्तीनंतर त्यांतील हजारोंना मायदेशी पोहोचविण्यात आले.