राज्य विद्यापीठाची निवड : नावापलीकडचे निकष

(लखनौ येथे पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत असलेल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या या शहरात, कैसरबागेत, एका मराठी माणसाच्या नावाचे राज्य विद्यापीठ आहे. मुंबईतील वकिली सोडून संगीतशास्त्राला वाहून घेतलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून त्याची दीर्घकाळ जोपासना केली. १९६६ मध्ये राज्य सरकारने ही संस्था आपल्याकडे घेऊन तिला भातखंडे यांचे नाव दिले. २००० मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली आणि २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ. संस्थेची कायदेशीर ओळख अशी तीनदा बदलली. परंतु तेथे जाणारा विद्यार्थी ज्यासाठी गेला, ते गायन, वादन, नृत्याचे शिक्षण हेच तिचे खरे भांडवल राहिले.

मला आज एवढेच सांगायचे आहे : अर्ज विद्यापीठाच्या नावाला करू नका, आपला विषय शिकवणाऱ्या विभागाला करा.

हे मी अनुभवाने सांगतो. विद्यार्थिदशेत मी एका नामांकित विद्यापीठात प्रवेश घेतला. मला कृषी अर्थशास्त्र शिकायचे होते. माहितीपत्रकात तो विषय छापलेला होता. पण तो शिकवणारे एकमेव प्राध्यापक आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. मी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही. वर्षभराने मला दुसरीकडे नव्याने सुरुवात करावी लागली. वडिलांच्या पगारातून भरलेले शुल्क गेले. त्याहून अधिक म्हणजे एक वर्ष गेले.

राज्य विद्यापीठ म्हणजे काय?

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही हे नीट समजून घ्यावे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या ३२ व्या नोंदीनुसार विद्यापीठ स्थापण्याचा अधिकार राज्यांना आहे. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन मात्र संघ सूचीच्या ६६ व्या नोंदीने केंद्राकडे दिले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला. म्हणून उत्तर प्रदेशातील बहुतेक जुनी राज्य विद्यापीठे १९७३ च्या राज्य विद्यापीठ अधिनियमानुसार चालतात, महाराष्ट्रातील बहुतेक बिगर-कृषी विद्यापीठे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार. आणि दोन्हीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात.

हा भेद कागदापुरता नाही. वेतनाचा भार, आरक्षणाचे प्रमाण, अधिवासाची अट हे सारे त्यावरून ठरते. याच शहरातील बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ केंद्रीय आहे. गोमतीपलीकडचे लखनौ विद्यापीठ राज्याचे आहे. १८८७ चे अलाहाबाद विद्यापीठ बराच काळ राज्याच्या कक्षेत राहून २००५ च्या कायद्याने केंद्रीय झाले. म्हणून अर्ज करताना आजची स्थिती पाहावी. वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर विसंबू नये.

तुमच्यापैकी जे लखनौतच वाढले, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरी मराठी बोलत असलात, तरी पुणे वा नागपूर येथे अर्ज करताना अधिवासाच्या नियमांनुसार तुम्ही बहुधा परराज्यातील उमेदवार ठराल. एका राज्याचे जात प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या आरक्षणासाठी सहसा ग्राह्य धरले जात नाही. हे अर्ज भरण्यापूर्वी कळले तर नियोजन होते. प्रवेशाच्या दिवशी कळले तर जागा हातची जाते.

क्रमवारी किती पाहावी?

नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणातील ८१ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. त्याच अहवालाने या विद्यापीठांतील ४० टक्क्यांहून अधिक अध्यापकपदे रिक्त असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे बहुसंख्यांचे शिक्षण जेथे होते, तेथेच शिक्षकांची उणीव सर्वाधिक जाणवते.

राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत २०२४ पासून राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा स्वतंत्र गट आहे. त्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये तिसरे होते, २०२५ मध्ये अकरावे. एका वर्षात तेथील प्रत्येक विभाग तेवढाच खालावला, असे कोणी म्हणणार नाही. क्रमांक हा अनेक घटकांची बेरीज असतो. तुमचा विषय त्या बेरजेत कोठे आहे, हे क्रमांक सांगत नाही. लखनौ विद्यापीठाला २०२२ मध्ये मूल्यांकन परिषदेची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळाली, ही अभिमानाची बाब आहे. पण ती श्रेणी संपूर्ण संस्थेची आहे, एका विभागाची नव्हे.

१९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात अध्यापन सुरू झाले, तेव्हा अर्थशास्त्र व समाजशास्त्राची धुरा राधाकमल मुखर्जी यांच्याकडे आणि वनस्पतिशास्त्राची बिरबल साहनी यांच्याकडे होती. नव्या विद्यापीठाला नाव नव्हते. ते अशा शिक्षकांनी मिळवून दिले. शिक्षक मात्र निवृत्त होतात आणि नाव मागे राहते. म्हणून कीर्ती कालची असते, प्रवेश आजचा असतो.

चार प्रश्न

पहिला प्रश्न : मंजूर पदे किती व भरलेली किती? विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि मूल्यांकनासाठीचा स्वयं-अध्ययन अहवाल सहसा संकेतस्थळावर असतो. तेथे न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच.

दुसरा : प्रत्यक्ष शिकवणार कोठे? पदवीवर विद्यापीठाचे नाव असते. वर्ग मात्र संलग्न महाविद्यालयात भरू शकतो. २०२१ मध्ये हरदोई, सीतापूर, रायबरेली व लखीमपूर खेरी येथील महाविद्यालये लखनौ विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठाच्या आवारातील विभाग आणि दूरच्या जिल्ह्यातील महाविद्यालय यांतील ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापक यांत मोठे अंतर असू शकते.

तिसरा : अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित? सरकारी विद्यापीठात सर्वच शुल्क अल्प असते, हा गैरसमज आहे. एकाच इमारतीत दोन अभ्यासक्रमांच्या शुल्कात कित्येक पटींचा फरक असू शकतो.

चौथा : निकाल वेळेवर लागतात का? संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो. परंतु मुख्य परीक्षेसाठी पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. रखडलेला निकाल येथे संधीच हिरावून घेतो. मागील तीन वर्षांच्या निकालांच्या तारखा पाहणे कठीण नाही.

किती अर्ज करावेत?

अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, तो येथे निर्णायक आहे. एखादा मार्ग निवडताना जे सोडून द्यावे लागते, त्याचे मूल्य म्हणजे संधी-खर्च. अर्जाचे शुल्क, प्रवास, वसतिगृह व भोजन हा दिसणारा खर्च. वाया जाणारे वर्ष हा न दिसणारा. त्या वर्षाच्या तुलनेत दोन अधिक अर्जांचे शुल्क नगण्य आहे. परंतु सरसकट वीस अर्ज करणे हेही शहाणपण नव्हे. पैशाबरोबर अभ्यासाचा वेळ जातो.

माझ्या मते पाच अर्ज पुरेत. दोन अशा विभागांना, जेथे प्रवेश कठीण पण अध्यापन उत्तम आहे. दोन तुमच्या गुणांशी मिळतेजुळते. एक घराजवळ, जेथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे. मात्र तेथेही चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक हवीत. शक्य असल्यास त्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याशी बोला आणि विचारा, मागच्या सत्रात किती तास प्रत्यक्ष झाले?

मित्रहो, सार्वजनिक विद्यापीठे जनतेच्या करातून चालतात. त्यांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. प्रवेशापूर्वी रिक्त पदांविषयी विचारणारे विद्यार्थी वाढले, तर ती पदे भरण्याची निकड शासनालाही अधिक जाणवेल. मी माझ्या वेळी तो प्रश्न विचारला नाही. तुम्ही अवश्य विचारा.