वही कुणाच्या हातात?

(धरणांवर मासळीची नोंद करणाऱ्या आम्हा हंगामी पोरापोरींनी हडपसरच्या कार्यकर्ता शिबिरात मिळून केलेलं भाषण. आळीपाळीनं बोललो, म्हणून सगळीकडं 'आम्ही' असंच ठेवलं आहे.)



शिबिर हडपसरला ठरलं तेव्हा काही जुन्या कार्यकर्त्यांनी विचारलं, डोंगरातल्या जमिनीचं बोलायला शहरात कशाला जायचं? आम्हाला वाटतं, बरं झालं. आंबेगाव, जुन्नर, मुळशी, वेल्ह्याकडची आपली किती माणसं आज इथं आहेत. कुणी बांधकामावर, कुणी मंडईत हमालीला, कुणी कंपनीत कंत्राटावर. माणसांच्या आधी आपलं पाणी इथं आलं. खडकवासल्याचा उजवा कालवा हडपसरातून पुढं दौंड-इंदापूरकडं जातो. त्यातलं पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं. तिथली भातखाचरं बुडाली तेव्हा इथला ऊस आणि इथली नळाची तोटी चालू झाली. आणि मासळीचं म्हणाल तर हडपसरलाच सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. म्हणजे जमीन, पाणी आणि मासा, तिन्हींचा धागा इथून जातो. आम्ही आज त्यातल्या मासळीचं बोलणार आहोत. पण शेवटी ते जमिनीवरच येणार आहे.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. कागदावर आम्हाला हंगामी क्षेत्र सहाय्यक म्हणतात. गावात म्हणतात, 'मासे मोजणारी पोरं'. पहाटे होड्या उतारावर लागतात, तिथं आम्ही आधीच जाऊन बसायचं. होडी कुणाची, जाळी किती, जाळ्याची आस किती बोटांची, जाळं पाण्यात किती वेळ होतं, हे विचारायचं. मग जातीवार मासा वेगळा करायचा. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस. मरळ, वाम, शिंगटा. प्रत्येक जातीचं वजन करायचं, त्यातले काही मासे घेऊन तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी मोजायची, पोटात गाभोळी आहे का बघायचं, आणि तक्त्यात भरायचं. हात थंडीनं बधिर असतात, कागदाला खवले चिकटतात, आणि मच्छीमार घाईत असतो, कारण बर्फाची गाडी उभी असते.

एका धरणावर शंभर होड्या असल्या तर रोज शंभर मोजता येत नाहीत. म्हणून ठरावीक दिवस आणि ठरावीक होड्या निवडायच्या, आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधायचा. शास्त्र म्हणून ही रीत चांगली आहे. भातशिजलेलं शितावरून कळतं, तसंच. पण शीत कुठल्या भांड्यातलं घेतलं, हे बघावं लागतं. आमची चूक तिथंच झाली.

ही चूक समजायला मासा कुठून येतो ते माहीत पाहिजे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे आपल्या नद्यांचे नव्हेत, गंगेकडचे. ते वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी देतात. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात सहसा देत नाहीत. 1957 साली कटकला हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण घडवून आणली. तेव्हापासून तळ्यात बीज तयार करायची वाट मोकळी झाली. आता केंद्रात जिरे तयार होतं, त्याची बोटुकली होते, आणि ती दरवर्षी धरणात सोडली जाते. म्हणजे या माशाला हिशेब आहे. बीज किती सोडलं, त्याचे पैसे किती, पकड किती, ठेका कितीचा. सरकारी वहीला हा मासा समजतो, कारण त्याची पावती आहे.

पण धरणात दुसराही मासा आहे, बिनपावतीचा. मरळ, वाम, शिंगटा, मुऱ्या, मळ्या. हा नदीचा मूळचा मासा. धरण नव्हतं तेव्हाही होता. मृगाचा पाऊस लागला, ओढे लाल होऊन वाहायला लागले, की हा मासा पाण्याच्या उलट वर चढतो. चढणीचे मासे म्हणतो आपण. त्या चार-आठ दिवसांत ठाकरवाडीत, कातकरीवाडीत, कोळ्यांच्या गावांत घरोघरी कालवण असतं. कुणी गळानं धरतं, कुणी फेकजाळ्यानं, बाया जुन्या लुगड्याचे चार पदर धरून ओढ्यात उतरतात. उरलेलं सुकवून ठेवतात. रोपं लावायच्या दिवसांत घरात दुसरं काही नसतं, तेव्हा तीच सुकट भाकरीबरोबर पोरांच्या पोटात जाते.

आता आमच्या नोकरीचं पंचांग ऐका. ऑर्डर निघते दिवाळीच्या आसपास. मार्चला पैसे संपतात, फार तर मे महिन्यापर्यंत ओढतात. जूनमध्ये आम्ही घरी. म्हणजे जो हंगाम आपल्या माणसांचा, तोच आमच्या वहीत कोरा. शिवाय मोजणी उतारावर. लुगड्यातला मासा उतारावर येत नाही, तो थेट चुलीवर जातो. तक्त्यात शेवटी एक रकाना होता, 'स्थानिक वापर'. तिथं काय लिहायचं, कुणी शिकवलं नव्हतं. वरच्यांना विचारलं तर म्हणाले, किरकोळ असतं ते, टिंब द्या. आम्ही टिंब दिलं.

सलग तीन हंगाम आम्ही टिंबं दिली, साथींनो. हे आज तुमच्यासमोर कबूल करायला उभे आहोत.

कुठलं धरण, कुठलं ऑफिस, ते इथं सांगत नाही. एका ऑफिसावर बोट ठेवून भागणार नाही. झालं असं, की ठेक्याच्या वेळी जो कागद फिरला, त्यात लिहिलं होतं की जलाशयावर स्थानिकांचा मासेमारीचा वापर नगण्य आहे. तो शब्द आमच्या टिंबांतून निघाला होता. पुढच्या पावसाळ्यात ठेकेदाराची माणसं काठावर फिरायला लागली. ओढ्याच्या तोंडाशी मासे धरणाऱ्या बायांची टोपली उलटी केली, जाळं ओढून नेलं, 'चोरी करता' म्हणाले. त्या बायांत आमच्यातल्या एकाची मावशी होती. ती संध्याकाळी घरी आली, भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू तर रोज मासे मोजतोस ना रं? मग आमचं कुणी मोजलं नाही का?"

त्या रात्री आमच्यातलं कुणी जेवलं नाही.

त्यानंतर आम्ही दुसरी वही सुरू केली. नोकरीची नव्हे, गावाची. शाळेची शंभर पानी वही, वरती ग्रामसभेच्या ठरावाची तारीख. पहिल्या पावसापासून पाच वाड्यांत नोंद ठेवली. तराजू सगळीकडं नव्हता, तिथं टोपलीचं माप धरलं आणि एकदा वजन करून टोपलीचे किलो काढून ठेवले. बायांनी पहिले दोन दिवस थट्टा केली. तिसऱ्या दिवशी त्याच बोलवायला लागल्या, "ये, आमचं लिहून घे." म्हाताऱ्यांनी जागांची नावं सांगितली. कुठला डोह, कुठली खोच, कुठल्या ओढ्याला वाम चढते. यातली अर्धी नावं सरकारी नकाशात नाहीत. काही डोह तर पाण्याखाली गेलेत, पण म्हाताऱ्यांना ते कुठं होते ते बोट दाखवून सांगता येतं.

त्या वहीतून एक गोष्ट उघडी पडली. आपली माणसं वर्षभर मासे धरतात, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त. 'नगण्य' हा शब्द खोटा होता.

आता कायद्याचं बोलू. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(घ) पाहा. इंग्रजी प्रतीत ते डी आहे. पाणवठ्यातले मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न, हा सामूहिक हक्क म्हणून तिथं लिहिलेला आहे. 2008 च्या नियमांत, नियम 13 मध्ये, सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून मासे धरायच्या जागा स्पष्ट धरल्या आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं हाही पुरावा चालतो. दावा ग्रामसभेत सुरू होतो, वनहक्क समिती पडताळणी करते, मग तो उपविभागीय आणि जिल्हा समितीकडं जातो. आपण आजवर प्लॉटच्या दाव्यांमागं धावलो, ते बरोबरच होतं. पण ओढा, डोह, काठ यांचा दावा कितीकांनी लावला? खाचर बुडालं त्याचा सातबारा तरी होता. ओढ्याचा सातबारा कधीच नव्हता. आपली वही हाच त्याचा सातबारा.

आमच्या पाच वाड्यांनी ती वही, जागांचा हातानं काढलेला नकाशा आणि म्हाताऱ्यांचे जबाब जोडून दावा लावला आहे. तो अजून उपविभागीय समितीकडं पडून आहे. जिंकलो असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पण एक फरक पडला. गेल्या पावसाळ्यात काठावर वाद झाला तेव्हा सरपंचबाईंनी वही पुढं केली. ठेकेदाराच्या माणसानं पानं चाळली आणि टोपलीला हात लावला नाही.

आपल्याच जिल्ह्यात, घोड नदीवर, डिंभ्याला विस्थापित आदिवासींनी स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या मदतीनं धरणातच पिंजरे लावून बोटुकली वाढवली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी लढून 1996 मध्ये मासेमारीचा हक्क घेतला आणि दहा वर्षं धरण स्वतः चालवलं. पुढं अभयारण्याचं कारण सांगून त्यांचा पट्टा वाढवला नाही. तरी त्यांच्याकडं पकडीचा, मजुरीचा, बीजाचा हिशेब होता. म्हणून 'आदिवासींना धरण चालवता येत नाही' असं त्यांच्या तोंडावर कुणाला म्हणता आलं नाही. हक्क काढून घेता येतो, पण लिहिलेलं काम पुसता येत नाही.

म्हणून या शिबिराला आमचं सांगणं आहे.

एक, प्रत्येक धरणकाठच्या गावात मासळीची वही हवी. तारीख, जागा, कुणी धरला, कशानं धरला, जात, अंदाजे वजन, विकला की खाल्ला. एवढंच. आठवड्यातून दोन दिवस लिहिलं तरी चालेल, पण दिवस ठरलेले हवेत, नाहीतर जास्त मासा मिळाला त्याच दिवशी लिहायचा मोह होतो. कमी मिळाला तेही लिहा. रिकामं जाळंही लिहा. खोटी वही एकदा पकडली गेली की खरी वहीसुद्धा कुणी मानत नाही.

दोन, महिन्याच्या शेवटी ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची आणि सही-अंगठे घ्यायचे. एक प्रत गावात, एक संघटनेकडं.

तीन, वही बायांच्या हातात द्या. पावसाळ्यातला मासा त्यांच्याच हातचा आहे.

चार, आमच्यासारखी जी पोरं अशा सर्वेक्षणांवर कामाला जातात, त्यांनी तक्त्याची एक प्रत मागून घ्यावी. रोजंदारी वेळेवर, पावसाळ्यातही काम, आणि 'स्थानिक वापर' या रकान्यात खरी मोजणी, या तीन मागण्या आपण एकत्र ठेवू. वेगळं वेगळं बोललं तर पुढच्या दिवाळीला ऑर्डर येत नाही, हे आम्ही भोगलं आहे.

मोजणारा हात आपलाच होता. पहाटेच्या थंडीत बधिर झालेला, खवल्यांनी माखलेला. फक्त वही दुसऱ्याची होती. आता मृग जवळ आला आहे. जाताना इथल्या टेबलावरून प्रत्येक गावानं एक कोरी वही घेऊन जा. पहिली नोंद चढणीच्या माशांची पडू द्या.

जिंदाबाद.